संक्रांतीच्या हलव्याचे दागिने आणि खिडकीचा उजेड: घरच्या घरी बाळाचे फोटो कसे काढावेत

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी या संक्रांतीला सात महिन्यांची होईल आणि तिचे हे पहिलेच बोरन्हाण आहे. आजीने हलव्याचे दागिने घरीच केले आहेत, काळे झबले शिवून तयार आहे. पुण्यात तिसऱ्या मजल्यावर घर असून दिवाणखान्याची खिडकी दक्षिणेला आणि झोपण्याच्या खोलीची उत्तरेला आहे. हाताशी एक बऱ्यापैकी फोन आणि १८-५५ मिमी लेन्स असलेला जुना डीएसएलआर आहे. दिवाळीत घरी काढलेले फोटो पिवळट आणि हललेले आले, म्हणून या वेळी सजावटीच्या वस्तूंचा तयार संच मागवावा का, आणि फोटो कसे काढावेत, असे आईने विचारले आहे.

संच मागवू नका, हे पहिले उत्तर. कापडी पतंग, थर्माकोलची अक्षरे, वेताची टोपली आणि कृत्रिम फुले अशा चार वस्तू एका चौकटीत आल्या की पाहणाऱ्याची नजर बाळाच्या चेहऱ्यावर पोहोचण्याआधीच चार ठिकाणी थांबते. तुमच्याकडे आजीच्या हातचा हलवा आहे. या ऋतूची खूण म्हणून तेवढा पुरेसा आहे, किंबहुना त्याच्याशेजारी दुसरे काही ठेवले तर त्याचे मोल कमी होते. मी घरगुती फोटोंसाठी एकच नियम पाळते: ऋतूची वस्तू एक, आणि उजेडाचा पहिला मान चेहऱ्याचा. पुढे जे लिहिले आहे ते या नियमाचाच विस्तार आहे.

बोरन्हाणाचा समारंभ आणि पोर्ट्रेट यांचे दिवस वेगळे ठेवावेत. बोरन्हाण संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत केव्हाही करता येते, त्यामुळे समारंभाच्या दोन-तीन दिवस आधी किंवा नंतरची एखादी शांत सकाळ पोर्ट्रेटसाठी सहज मिळते. समारंभ बहुधा संध्याकाळी होतो, घरात माणसे असतात, वरचे दिवे लागलेले असतात आणि बाळाला अनेक हातांतून फिरावे लागते. अशा वेळी निवांत चेहऱ्याची अपेक्षा करणे बाळावर अन्याय करण्यासारखे आहे. दिवाळीचे तुमचे फोटो पिवळट आणि हललेले येण्याचे कारणही बहुधा हेच असावे. दिव्यांचा रंग पिवळा असतो आणि त्यांचा उजेड डोळ्यांना पुरेसा वाटला तरी कॅमेऱ्याला अपुरा पडतो, म्हणून कॅमेरा शटर अधिक वेळ उघडे ठेवतो आणि तेवढ्यात बाळ हलते.

आता खिडकीविषयी. जानेवारीत सूर्य दिवसभर आकाशाच्या दक्षिण भागात असतो आणि पुण्यात भर दुपारीसुद्धा क्षितिजापासून साधारण ५० अंशांपर्यंतच चढतो. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन थेट खोलीच्या आतवर येते, तर उत्तरेच्या खिडकीतून केवळ आकाशाचा मऊ, पसरट उजेड मिळतो. बाळाच्या चेहऱ्यासाठी हा दुसरा उजेड उत्तम. थेट उन्हात बाळ डोळे बारीक करते, अर्धा गाल पांढरा फटक पडतो आणि नाकाची काळी सावली ओठांवर येते. मात्र उत्तरेला अगदी जवळ दुसरी इमारत उभी असेल, तर ती खोली अंधारी राहील. तसे असल्यास दिवाणखान्याच्या खिडकीवर धुतलेले पांढरे सुती धोतर एकेरी टांगावे. ऊन त्या कापडावर पडले की सगळी खिडकीच एका मोठ्या मऊ दिव्याचे काम करते. पातळ सुती कापडाने हे काम जितके चांगले होते तितके जाड पडद्याने होत नाही. रंगीत पडदा तर बाजूलाच सारावा, कारण हिरव्या पडद्यातून आलेला उजेड गालांवर हिरवी छटा आणतो आणि ती नंतर काढणे त्रासाचे होते.

आदल्या दिवशी एक छोटी तयारी करावी. सोललेला नारळ पाटावर ठेवून त्यावर बाळाचा मुकुट चढवावा आणि सकाळी नऊ, अकरा व दुपारी दोन वाजता दोन्ही खिडक्यांपाशी त्याचा फोटो काढून पाहावा. कोणत्या वेळी सावली मऊ आहे आणि मुकुटाची पट्टी कपाळावर किती काळोख पाडते, हे बाळाला न दमवता कळते. प्रत्यक्ष फोटोच्या वेळी घरातील सर्व दिवे, ट्यूबसुद्धा, बंद ठेवावेत. खिडकीचा निळसर-पांढरा आणि दिव्याचा पिवळा असे दोन रंग चेहऱ्यावर एकत्र आले की कॅमेऱ्याला कोणता खरा मानावा हे ठरवता येत नाही.

बाळाला खिडकीपासून दोन-तीन फुटांवर जमिनीवरच बसवावे. खिडकी बाळाच्या एका बाजूला आणि किंचित पुढे यावी, म्हणजे एका गालावर उजेड, दुसऱ्यावर हलकी सावली आणि दोन्ही डोळ्यांत खिडकीचा लहानसा चौकोन दिसेल. तो चौकोन दिसत नसेल तर डोळे निस्तेज येतात, म्हणून शटर दाबण्याआधी तो शोधण्याची सवय लावून घ्यावी. सात महिन्यांची काही मुले आधाराशिवाय बसतात, काही कलंडतात. त्यामुळे गोधडीखाली पाठीशी लोड किंवा घट्ट गुंडाळलेले दुपटे ठेवावे आणि घरातील एक मोठे माणूस हाताच्या अंतरावर सतत बसलेले असावे. चौरंग, पलंगाची कड किंवा टोपली यांवर बाळाला फोटोसाठी बसवू नये. पालथे किंवा उताणे ठेवून फोटो काढायचा असल्यास बाळाचे डोके खिडकीच्या बाजूला असावे. पाय खिडकीकडे असले तर उजेड हनुवटीखालून वर चढतो, नाकपुड्या उजळतात आणि डोळ्यांभोवती सावली साचते. गोड बाळही त्यात विचित्र दिसते.

काळ्या झबल्याची एक अडचण अशी की, ते उजेड परत फेकत नाही. पांढरे झबले असते तर त्यावर पडलेला उजेड उसळून बाळाच्या हनुवटीखाली आणि डोळ्यांत गेला असता. काळे कापड तो गिळून टाकते, त्यामुळे गळ्याजवळ आणि सावलीच्या गालावर अपेक्षेपेक्षा जास्त अंधार होतो. यावर उपाय सोपा आहे. बाळाच्या पुढ्यात, चौकटीच्या खालच्या कडेबाहेर, पांढरी चादर घडी करून पसरावी आणि खिडकीच्या विरुद्ध बाजूला दीड-दोन फुटांवर थर्माकोलचा पांढरा तक्ता किंवा पांढऱ्या कापडाने झाकलेली पाठीची खुर्ची उभी करावी. तक्ता हळूहळू जवळ आणत गेल्यास सावली कशी उजळते हे डोळ्यांनीच दिसते. सावली पूर्ण जाईल इतका मात्र तो जवळ आणू नये, कारण गालाचा गोलवा त्या सावलीमुळेच कळतो.

काळ्या कपड्याची दुसरी अडचण कॅमेऱ्याच्या हिशोबाची आहे. समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या रंगाचे आहे असे कॅमेरा धरून चालतो. चौकटीचा बराच भाग काळा असला की त्याला वाटते, उजेड कमी आहे. मग तो सगळे दृश्य उजळवतो, झबले राखाडी दिसते आणि बाळाचा चेहरा व पांढरा हलवा यांतील बारकावे धुऊन जातात. फोनवर बाळाच्या उजेडातील गालावर बोट टेकवून दाबून धरावे, फोकस व एक्स्पोजर (चित्र किती उजळ येणार ते) स्थिर झाल्याची खूण आली की शेजारची सूर्याची खूण किंचित खाली सरकवावी. डीएसएलआरवर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवल्यापेक्षा चित्र उजळ किंवा गडद करण्याची सोय) उणे ०.७ पासून सुरू करून पाहावे. पडद्यावर मोठे करून हलव्याकडे बघावे: दाण्याचा काटा, म्हणजे त्यावरची बारीक टोके, दिसत असतील तर एक्स्पोजर बरोबर आहे, आणि दाण्यांच्या जागी नुसते पांढरे ठिपके दिसत असतील तर अजून कमी करावे. काळे कापड थोडे अधिक काळे झाले तरी चालते. गेलेला हलवा मात्र नंतर कोणत्याही ॲपने परत येत नाही.

हा काटा खरोखर नीट पाहण्यासारखा असतो. तीळ, खसखस किंवा साबुदाणा मंद आचेवर ठेवून त्यावर चमचा-चमचा पाक सोडत, हाताने हलवत राहिल्यावर एकेका दाण्यावर तो उमटतो. बाजूने येणाऱ्या उजेडात प्रत्येक टोकाची बारीकशी सावली पडते आणि दागिना उठून दिसतो. समोरून फ्लॅश मारला तर तीच मेहनत सपाट होते. फ्लॅश बंद ठेवण्याचे माझ्या दृष्टीने हे एक कारण, आणि अचानक झालेल्या लखलखाटाने बाळ दचकते हे दुसरे. निदान एक फोटो केवळ दागिन्यांचा काढावा: कंबरपट्ट्याच्या लडीत अडकलेली बाळाची बोटे, किंवा मनगटावरची वळी आणि तिच्यावर टेकलेला हलव्याचा पाटलीसारखा दागिना. चेहरा नसलेला असा फोटो घरच्या अल्बममध्ये बहुतेकांकडे नसतो.

दागिने चढवण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. गोधडी, कॅमेरा, तक्ता आणि बसण्याची जागा ठरल्यानंतरच बाळाला तयार करावे. आधी वाळे व कंबरपट्टा, मग बाजूबंद, नंतर हार आणि सर्वांत शेवटी मुकुट. मुकुट डोक्यावर चढताच बहुतेक मुले तो ओढू लागतात, म्हणून मुकुटाशिवायचे चांगले फोटो आधीच मिळालेले असावेत. हाराची दोरी गळ्याभोवती गाठ मारून बांधू नये. तिची टोके झबल्याला खांद्यापाशी दोन सैल टाक्यांनी अडकवावीत, म्हणजे ओढली तर दोरी सुटेल, गळ्याला आवळणार नाही. पुठ्ठ्याची कड आणि तारेचे टोक त्वचेला टोचू नये म्हणून आतून मऊ सुती पट्टी लावावी. हलव्याचा दाणा सुटून तोंडात जाणे हा खरा धोका आहे. सात महिन्यांचे मूल हाताला लागेल ते तोंडात घालते आणि कडक, गोल, लहान दाणा घशात अडकू शकतो. त्यामुळे प्रत्येक दागिना आधी जरा जोराने झटकून पाहावा, सुटणारे दाणे काढून टाकावेत, आणि फोटो झाले की दागिने लगेच उतरवावेत. लाळेने हलवा विरघळून झबले व मान चिकट होते. ओल्या मऊ कापडाने ती पुसून घ्यावी, नाहीतर मुंग्या लागायला वेळ लागत नाही.

पार्श्वभूमीसाठी घरातील जुनी गोधडी किंवा सुती साडी चांगली. मात्र ती मातकट, तपकिरी, फिकट राखाडी किंवा निवलेल्या हिरव्या रंगाची असावी. पांढरी चादर टाळावी, कारण काळे झबले, पांढरा हलवा आणि पांढरी चादर यांत चेहऱ्याच्या मधल्या छटा हरवतात. काळी पार्श्वभूमीही नको, तिच्यात झबल्याची कड मिसळून जाते आणि चेहरा हवेत तरंगल्यासारखा वाटतो. भिंत आणि बाळ यांच्यात चार-पाच फूट अंतर राहिले तर मागचे सगळे आपोआप मऊ होते. चौकटीत विजेची बटणे, चार्जरची वायर, खेळण्यांचा डबा दिसतो का, हे फोटोआधी एकदा शांतपणे पाहावे.

फोन असो वा कॅमेरा, फोटो काढणाऱ्याने जमिनीवर पालथे झोपून बाळाच्या डोळ्यांच्या पातळीवर यावे. उभ्याने वाकून काढलेल्या फोटोत डोके मोठे, पाय तोकडे आणि मागे सगळी फरशी दिसते. फोन अगदी जवळ नेल्यास नाक मोठे आणि कान मागे गेलेले दिसतात, कारण फोनची मुख्य लेन्स बरीच रुंद असते. चार-पाच फूट मागे सरकून २x (दुप्पट झूम) वापरावे. फोनमधील पोर्ट्रेट मोड या वेळी मी वापरणार नाही. तो मागचे दृश्य गणिताने धूसर करतो आणि मुकुटाचे काटेरी काठ, कानावरचे केस व हाराच्या लडी त्याला नीट ओळखता येत नाहीत, त्यामुळे दागिन्यांच्या कडा खाल्ल्यासारख्या दिसतात. त्वचा गुळगुळीत करणारा ब्यूटी फिल्टरही बंद असावा. जुन्या डीएसएलआरवर १८-५५ लेन्स ५५ मिमीवर ठेवावी. तेथे अॅपर्चर (लेन्समधील उजेड आत येण्याचे छिद्र) एफ/५.६ मिळते आणि चेहऱ्याचे प्रमाण सुंदर येते. शटर १/२५० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवून आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाबाबतची संवेदनशीलता) ८०० ते १६०० पर्यंत जाऊ द्यावा. थोडे दाणेदार चित्र चालते, हललेले डोळे चालत नाहीत. फोकस नेहमी कॅमेऱ्याजवळच्या डोळ्यावर असावा.

वेळेची निवड बाळाच्या दिनक्रमावरून करावी, उजेडावरून नव्हे. उजेड दोन-तीन तास टिकतो, बाळाची प्रसन्नता जेमतेम पंधरा-वीस मिनिटे. झोप झालेली, दूध पिऊन अर्धा तास उलटलेला, ही योग्य वेळ. लेन्सच्या अगदी मागे एकच परिचित माणूस असावे आणि त्यानेच खुळखुळा वाजवावा किंवा बोलावे. तीन बाजूंनी तीन जणांनी टाळ्या वाजवल्या तर बाळाची नजर भिरभिरते आणि चेहऱ्यावर गोंधळ दिसतो. हसवण्याचा फार आग्रहही धरू नये. स्वतःच्या हातातील बाजूबंदाकडे एकटक पाहणारे बाळ, हसऱ्या बाळाइतकेच आणि पुष्कळदा त्याहून अधिक खरे दिसते. बाळ रमावे म्हणून बोटाला मध लावून चाटवण्याची पद्धत काही घरांत आहे, ती पूर्णपणे टाळावी. एक वर्षाखालील मुलांना मध देऊ नये, कारण त्यातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. डोळ्यांत काजळ घालण्याचीही गरज नाही. गालावरची तीट मात्र खुशाल असू द्यावी आणि फोटोतून ती पुसूही नये. आजीने लावलेली तीट हा त्या दिवसाचा भाग आहे.

समारंभाच्या वेळचे फोटो निराळ्या पद्धतीने काढावे लागतात. तेथे पोर्ट्रेटचा विचार सोडून थोडे मागे, भिंतीला टेकून बसावे आणि बाळ, ओतणारे हात व भोवती जमलेली मुले अशी रुंद चौकट घ्यावी. शक्य असल्यास समारंभ दुपारी चारच्या सुमारास ठेवण्याची विनंती घरच्यांना करावी. पुण्यात त्या दिवसांत सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे खिडकीचा चांगला उजेड हाती राहतो. हवेत पडणारे दाणे स्थिर दिसण्यासाठी शटर १/५०० ठेवावे, फोनवर बर्स्ट (एकापाठोपाठ अनेक फोटो काढण्याची सोय) वापरावा. डोक्यावरून चुरमुरेच ओतावेत, तेही थोड्या उंचीवरून, हलक्या हाताने. ते लागत नाहीत आणि हवेत पसरलेले फार सुरेख दिसतात. बोरे, हरभरे, भुईमुगाच्या शेंगा, उसाचे करवे, रेवड्या हे सगळे बाळाच्या हाताबाहेर परातीत किंवा सुपात पुढे मांडावे, म्हणजे चौकटीत ऋतूही येतो आणि घशात काही अडकण्याची भीती कमी होते. ओतणे झाले की बाळाला लगेच उचलावे. मग लुटीसाठी झेपावणाऱ्या मोठ्या मुलांचे फोटो निश्चिंतपणे काढता येतात, आणि पुष्कळ घरांत पुढे तेच सर्वांना अधिक आवडतात.

पुढच्या महिन्यांसाठीही हीच रीत चालेल. पाडव्याला साखरेची गाठी पुरते. आंब्याच्या दिवसांत एक पिकलेला आंबा पुरतो, पण देठाजवळचा चीक त्वचेला चांगलाच झोंबतो, म्हणून तो आधी स्वच्छ धुवावा. पावसाळ्यात ढगाळ आकाश हाच सर्वांत मऊ उजेड असतो. बाल्कनीच्या दाराशी, आतल्या कोरड्या बाजूला बसवलेल्या बाळाला दुसरी कोणतीही व्यवस्था लागत नाही. दिवाळीत पेटती पणती बाळाच्या चौकटीत आणू नये, रांगोळीजवळही बसवू नये, कारण तिची पूड श्वासात जाते. आकाशकंदिलाखाली, सूर्यास्तानंतरच्या पहिल्या वीस मिनिटांत, बाहेर निळसर उजेड शिल्लक असताना काढलेल्या फोटोत कंदिलाचा पिवळा रंगही सुंदर दिसतो. या वर्षी दिवाळीत नेमके तेच जमले नसावे, पुढच्या वर्षी जमेल. तोवर मुलगी चालत असेल, म्हणून शटर आणखी जलद ठेवावे लागेल.

निवड करताना एका सत्रातील पाच-सहा फोटोच ठेवावेत आणि त्यांतील एक कृष्णधवल करून पाहावा. काळे झबले व पांढरा हलवा यांना तो फार शोभतो. ८ × १० इंचाच्या चांगल्या छपाईला २४०० × ३००० पिक्सेल, म्हणजे सुमारे ७२ लाख पिक्सेल लागतात, तेव्हा १२ मेगापिक्सेलचा फोन त्यासाठी पुरेसा आहे. छपाईवाल्याला मात्र मूळ फाइल द्यावी. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर तो लहान होऊन पोहोचतो. पाठवायचाच झाला तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावा.